आमच्या घरी उशिरा उगवणारा सूर्य

आई, नाताळच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी तू गेलीस आणि याबद्दल तुझं फार कौतुक झालं. तुझा धाकटा भाऊ, किट्टूमामा, तिरुवैयारूहून आला, तुझ्या पायांना हात लावून रडला, मग ओसरीवर येऊन नाक पुसत म्हणाला, "अक्कानं दिवस बरा पाहिला हो. कुणाला रजा काढावी लागली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. चेन्नईच्या भाच्यानं सांगितलं की त्याचं तिकीट नाहीतरी सुट्टीसाठी काढलेलंच होतं. तू असतीस तर पडल्या पडल्या म्हणाली असतीस, "म्हणजे मी मेले नसते तर नुसता जेवायला आला असतास होय रे?" तू काही बोलली नाहीस, तेव्हा कुठे मला पटलं की तू गेलीस. डॉक्टरच्या सांगण्यावर माझा तितका विश्वास बसला नव्हता.

अशा वेळी माणसाचे गुण आठवायचे असतात. मी प्रामाणिकपणे बसलो आठवायला. तुझा एकच गुण सगळ्यांना तोंडपाठ आहे, तू खोटं बोलत नसस. त्या गुणानं आपल्या घराण्यातली निम्मी माणसं जायबंदी केली. नवरीच्या आईला मांडवात सांगायचीस की मुलगी सावळी नाही, काळी आहे, आणि त्यात वाईट काय. मी नोकरीच्या परीक्षेत नापास झालो तेव्हा निकालाचा कागद माझ्या हातात होता न होता तोच तू गल्लीभर सांगून आलीस, "आमचा रघु आपटला." मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर पडलो तर कुणी काही विचारलंच नाही, कारण विचारण्यासारखं तू काही शिल्लक ठेवलं नव्हतंस. कुणापासून तोंड लपवावं लागलं नाही. त्यात माया होती हे कळायला मला दहा वर्षं लागली, आणि तुझ्याशी तसं बोलायला आणखी वीस पुरली नाहीत.

म्हणून त्या आठवड्याबद्दल बोलायचं आहे. बाकीचं किट्टूमामा सांगतोच आहे येणाऱ्याजाणाऱ्याला.

तमिळ मुलुखात पिढ्या गेल्या, तरी धनुर्मास लागला की आपल्या मराठी घरी रोज सूर्य उगवायच्या आत देवाला हुग्गीचा नैवेद्य. तांदूळ, मुगाची डाळ, मिरी, आलं, वर तूप. महाराष्ट्रातले लोक याला खिचडी म्हणतील आणि तू त्यांना घराबाहेर काढशील. गल्लीतले तमिळ लोक पोंगल म्हणतात, त्यांना तू क्षमा केली होतीस. लग्न होऊन या घरात आल्यापासून तू एक पहाट चुकवली नव्हतीस. बाळंतपणातसुद्धा शेजारणीकडून करवून घेतलीस म्हणे. एक दिवस जरी नैवेद्य सूर्याच्या मागे पडला तर सगळा महिना फुकट, हा तुझा कायदा. काचबिंदूनं डोळे पूर्ण गेले, हात कापायला लागले, चुलीपाशी जाणं बंद झालं, तरी कायदा तोच राहिला. राबणारी तेवढी बदलली. तुझी सून, सुधा, आली.

आणि सुधाचा तो आठवडा कसा होता? अर्धवार्षिक परीक्षा चालू. ती शिकवते त्या शाळेतल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जेवणाच्या टेबलावर, खुर्चीवर, फ्रिजवर. सुट्टी लागायच्या आत तपासून द्यायचे. आपली नंदू नववीत, तिचे पेपर. त्यात तिच्या कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी नाताळचा कार्यक्रम. त्यात ती तिसरा मेंढपाळ होती आणि तिला एक लोकरीची टोपी, एक काठी आणि शक्य असल्यास एक कोकरू हवं होतं. माझी कचेरी पापनाशमला, वर्षअखेरची तपासणी डोक्यावर, मी सकाळची गाडी पकडायला धावणार आणि संध्याकाळी दमलो म्हणून सांगणार. या घरात दमण्याचं काम मी फार मनापासून करत आलो आहे.

पहिले काही दिवस सुधा खरोखर काळोखात उठली. सोमवारी उठली नाही. रात्री विज्ञानाचा गठ्ठा संपवून ती जी पडली ती दारात कोलमची रांगोळी काढायला आलेल्या कामवाल्या सेल्वीच्या बादलीच्या आवाजानं उठली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन थेट ओट्यावर आलं होतं. मी तिथेच कॉफीचा पेला घेऊन उभा होतो. आतून तुझी हाक आली.

"उजाडलं का गे?"

सुधानं माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीकडे पाहिलं.

"नाही अत्तै," ती म्हणाली. सुधा तुला तमिळ रीतीनं अत्तै म्हणायची. "अजून काळोख आहे."

मी पुढे होऊन खिडकी लावून घेतली. तुला दिसत नव्हतं हे मला माहीत नव्हतं असं नव्हे. पण खोटं बोलताना उजेड समोर असला की बरं वाटत नाही. सुधानं कुकर लावला, देवापुढे दिवा लावला, तुला न्हाऊ घालून पाटावर बसवलं, तू मंत्र म्हणालीस आणि हात जोडलेस, आणि बाहेर गल्लीत पोरं सायकलची घंटी वाजवत ट्यूशनला चालली होती.

एकदा जमलं म्हणजे जमलंच. मंगळवारी उठायचा प्रयत्नसुद्धा कुणी केला नाही. घरानं सूर्याचा ताबा घेतला. देवळातल्या स्पीकरनं आम्हाला साथ दिली. मार्गळीत, म्हणजे आपल्या धनुर्मासात, तो काळोखात सुरू होतो तो ऊन चढेपर्यंत थांबत नाही, त्यामुळे त्याच्यावरून वेळ कळायची सोय नव्हती. ओसरीवर तुला बसू देईनासे झालो, कारण तिथे पायांवर ऊन येतं. "बाहेर दव फार आहे," असं कारण दिलं. खिडक्यांचं खातं माझ्याकडे होतं. माझ्या नोकरीतही मला इतकी जबाबदारी कुणी दिलेली नाही.

तू काही भोळी नव्हतीस.

"कावळे ओरडतात की गे."

"लवकर उठलेत, अत्तै."

"काळोखात रघु दाढी कशी करतो?"

"लाइट लावून," मी फेस लावलेल्या तोंडानं ओरडलो.

"तुझ्या माहेरी कुंभकोणात सूर्य उशिरा उगवत असेल, सुधा," तू म्हणालीस. "तुझ्या आईनं तशीच सवय लावलेली दिसते."

सुधानं डाव आपटला. तू पहिला घास घेतलास, चघळलास, आणि म्हणालीस, "मिरी अख्खी राहिली. झोपेत केलीस काय?" मग हसलीस. ते हसणं मला तेव्हा आंधळ्या म्हातारीचं वाटलं. आता वाटतं की मांजर उंदराला पंजाखाली धरून हसलं तर तसं हसेल.

बुधवारी तू आम्हाला खरं पकडलंस. नंदूचा गणिताचा पेपर. तिची व्हॅन कोपऱ्यावर येऊन हॉर्न देत होती, आणि तू पाटावरून न उठता फर्मान काढलंस, "धनुर्मासात काळोखात पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही. सूर्य वर येऊ दे, मग जा."

झालं. आता सूर्य आणणार कुठून? तो तर केव्हाचा डोक्यावर आला होता. सुधा दारात, नंदू दप्तर पाठीला लावून, मी एका पायात बूट घालून. हॉर्न पुन्हा.

"उगवला!" मी ओरडलो. "उगवला बघ, आई!"

"आत्ताच?"

"आत्ताच. नारळाच्या वर आला."

"आज एकदम वर आला होय? काल किती रेंगाळला होता," तू म्हणालीस. "जा गे नंदू. सूर्य तुझ्या बापाच्या कचेरीत कामाला लागलेला दिसतो, वाटेल तेव्हा येतो."

व्हॅनपर्यंत धावताना नंदू हसत होती. सुधा हसली नाही. ती मला हलक्या आवाजात म्हणाली, "यांना कळलंय." मी म्हणालो, "कळलं असतं तर गप्प बसली असती का? घर डोक्यावर घेतलं असतं." मला वाटलं, मी तुला ओळखतो. त्याच दुपारपासून तू खोकायला लागलीस.

गुरुवारी सुधानं सुंठ-मिऱ्याचा काढा दिला. तू तो "माझ्यावर वैर काढतेस" म्हणत प्यायलीस. सकाळी ती तुला न्हाऊ घालायला बसली तेव्हा म्हणाली, "अत्तै, केस ओले कसे?" तू म्हणालीस, "घाम." डिसेंबरात घाम! पण त्या वेळी कुकरची शिट्टी झाली, सेल्वीनं मागच्या दोरीवर तुझं ओलं लुगडं कुणी टाकलं म्हणून विचारलं, माझी गाडी होती, आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं सगळ्यांचंच राहिलं. तू खोटं बोलत नसस, आई. पण घाम म्हणालीस. मी ते आता धरून बसलो आहे. आयुष्यातलं तुझं एकच खोटं, आणि तेही मला तुझ्या बाजूनं खरं ठरवता येत नाही.

शुक्रवारी तुझा श्वास वाजू लागला. नंदू शेवटचा पेपर लिहून तशीच शाळेत मेंढपाळ झाली, आणि आम्ही तुला घेऊन इस्पितळात. तरुण डॉक्टर होता. छातीला यंत्र लावलं आणि माझ्याकडे वळून तमिळमध्ये खेकसला, "या वयाच्या बाईला या थंडीत गार पाण्यानं आंघोळ घालता काय?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "कधीच नाही. आमच्याकडे त्यांना कढत पाणी देतात." सुधा म्हणाली, "मी स्वतः देते." इतक्या खात्रीनं खरं बोलायची संधी आम्हा दोघांना त्या आठवड्यात प्रथमच मिळाली होती.

रात्रभर मी शेजारी होतो. तुला जाग आली तेव्हा तू हात हवेत फिरवून नर्सची बाही धरलीस. मी अगदी जवळ होतो, तुला माझा वास येत असणार. पण तू तिला विचारलंस, "किती वाजले, अम्मा?" तिनं सांगितलं. "बाहेर काळोख आहे का?" तिनं पडदा सारून पाहिलं आणि म्हणाली, आहे. तू मान हलवलीस. मग माझ्याकडे तोंड न वळवता म्हणालीस, "रघु, ही खरं सांगते." त्यानंतर तू बोलली नाहीस. लोक विचारतात, शेवटचं काय म्हणाली? मी सांगतो, देवाचं नाव घेतलं.

सूतक आलं. देव बंद, दिवा बंद, नैवेद्य बंद. तुझ्या कायद्यानं बघितलं तर तुझा महिना नाहीतरी तुझ्याच मरणानं मोडणार होता, आणि यात मला दोष देता येईल असं तुझ्या हातात काही उरलं नाही. हे मनात आलं तेव्हा मला, खरंच सांगतो, बरं वाटलं. मुलाला असं वाटू नये. वाटलं.

नंदू मात्र जेवत नव्हती. आम्ही समजलो, आजीचं दुःख. भाच्यानं तिला मोबाइल दिला, किट्टूमामानं गोष्टी सांगितल्या. ती मोरीच्या पायरीवर जाऊन बसायची आणि नळाकडे बघायची. नाताळच्या दिवशी समोरच्या घरी कागदी चांदणी टांगलेली, केकचा वास गल्लीभर, तिच्या मैत्रिणी नवे कपडे घालून दारावरून हळूच चालत गेल्या. सूतकाच्या घरात यायचं नाही म्हणून नुसता हात हलवला. नंदूनं हलवला नाही. सुधा तिच्याशेजारी जाऊन बसली. मी दारात उभा राहिलो. कुठलीही महत्त्वाची गोष्ट मी दारातच उभा राहून ऐकतो.

नंदू तमिळमध्ये बोलली. तिला आपलं मराठी सगळं कळतं, पण रडायला ते तिला पुरत नाही, आणि आजीला ती पाट्टीच म्हणते.

ती परीक्षेसाठी काळोखात उठून अभ्यास करायची, हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही झोपेतच तिचं कौतुक करायचो. सोमवारी सकाळी तू आमचा सूर्य ओळखलास; तो एक दिवस गेला तो गेला, पण पुढचे सोडायला तू तयार नव्हतीस. मंगळवारी पहाटे तिला मोरीत आवाज आला. तू भिंत धरून उभी होतीस, लुगड्यासकट, आणि बादली शोधत होतीस.

"पाट्टी म्हणाली, पाणी ओत. मी म्हटलं, गरम करते. ती म्हणाली, गीझर लावलास तर तुझी आई उठेल, बिचारी आत्ता झोपली आहे."

सुधानं मान वर केली. "बिचारी म्हणाल्या?"

"हो. मग म्हणाली, बिचारी आणि आळशी."

नंदूनं नळाचं पाणी ओतलं. मार्गळीतलं पाणी. रोज. तिनंच तुझं लुगडं पिळून मागच्या दोरीवर टाकलं. मग तू देवापुढे दूध आणि गूळ ठेवलास, कारण हुग्गी करता येत नव्हती, आणि तिला मागच्या दारी पाठवून विचारलंस, पूर्वेला फटफटलं का बघ. ती खरं सांगायची. तुझा खरा नैवेद्य तेव्हाच होऊन जायचा. नंतर आमच्या सूर्यापुढे तू दुसऱ्यांदा पाटावर बसायचीस, दुसऱ्यांदा भिजायचीस, आणि सुधाच्या मिऱ्यावर तोंडसुख घ्यायचीस. आणि ही पोर आमच्यात उभी राहून म्हणायची, होय पाट्टी, अजून काळोख आहे.

"तू सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"पाट्टीनं शपथ घातली. कुणाला सांगितलंस तर गणितात नापास होशील म्हणाली."

आई, एवढी म्हातारी बाई, एवढी मंत्र म्हणणारी, आणि चौदा वर्षांच्या पोरीला गणिताची शपथ! देवाची घातली असतीस तर तिनं केव्हाच मोडली असती, हे तुला माहीत होतं.

मग तिनं तो प्रश्न विचारला ज्यासाठी ती इतके दिवस नळाकडे बघत होती. "अप्पा, मी पाणी ओतलं. त्यानंच झालं का?"

तुझ्यावर मी पुष्कळदा रागावलो आहे. पण त्या क्षणी तू समोर असतीस तर, तुझ्या वयाची आणि तुझ्या डोळ्यांची पर्वा न करता, मी तुला गदागदा हलवलं असतं. आमच्याशी भांडायचं होतं तर आमच्याशी भांडायचं होतंस. आम्ही खोटे होतो, लबाड होतो, झोपाळू होतो, आम्हाला हवं ते ऐकवायचंस. मोरीतली बादली त्या पोरीच्या हातात का दिलीस?

सुधा म्हणाली, अगदी शांतपणे, "मला एकदा म्हणाल्या असत्या, 'सुधा, मला कळलंय.' एवढंच. मी दुसऱ्या दिवशी काळोखात उठले असते. रडत उठले असते, पण उठले असते." मग म्हणाली, "बिचारी म्हणाल्या म्हणे. पोरीला सांगितलं, मला सांगायला काय झालं होतं?" आणि तुझ्यासाठी ती पहिल्यांदा रडली. इतके दिवस लोकांसमोर रीतीनं रडत होती. ते वेगळं.

नंदू माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणालो, "छे गे. डॉक्टर काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, छाती जुनीच खराब होती. पाण्याचा काही संबंध नाही. गार असो, कढत असो."

सुधानं तो डॉक्टर ऐकला होता. माझ्याशेजारी उभी राहून ऐकला होता. तिनं डोळे पुसले आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "होय. मीही होते तिथे. म्हणाला, उलट आंघोळीनं बरंच वाटलं असेल त्यांना." मी एवढं पुढे गेलो नसतो. पण सुधा कुठलंही काम करते ते नीट करते, हे तू कधी मान्य केलं नाहीस.

त्या दिवशी नंदू जेवली. थोडं. मग पुन्हा पायरीवर जाऊन बसली.

हे मी देवनागरीत लिहितो आहे, कारण तिला ती अक्षरं येत नाहीत. तू मला शिकवलीस, मी तिला शिकवायचं टाळलं. माझ्या आळसाचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला. पण तू आहेस, खरं सांगणारी. परीक्षा संपल्या तरी तिला अजून पहाटे जाग येते, मोरीचा दिवा लागतो, थोड्या वेळानं विझतो. मी अंथरुणात पडून ऐकतो. केव्हातरी डोळा लागला की तू तिच्या स्वप्नात येणार, आणि ती तुलाच विचारणार, कारण आम्हाला विचारून काय मिळतं ते तिला ठाऊक आहे.

तेव्हा आई, तुझ्याकडे आजवर मी काही मागितलं नाही, मागितलं तरी तू दिलं नसतंस. आयुष्यभर खरं बोलून तू आम्हा सगळ्यांना भाजून काढलंस. तिला एकदा खोटं सांग. आणि नीट सांग; ती तुझी नात आहे, तिला लगेच कळतं.